पूजेचा पिवळा दिवा

माझ्या नवऱ्याला घरात बसता येत नाही. तो जहाजावर असतो तेव्हा मी देवाला म्हणते, लवकर घरी येऊ दे. आला की आठवड्याभरात म्हणते, आता जाऊ दे बाबा एकदाचा. पण या वेळची गोष्ट वेगळी होती. या वेळी कंपनीने त्याला मध्येच घरी पाठवलं होतं, आणि परत बोलावणार की कायमचा बसवणार, ते त्या दिवशी दुपारच्या व्हिडिओ मीटिंगवर ठरायचं होतं.

सकाळपासून कौस्तुभने मला वात आणला. घरातला इन्व्हर्टर बंद केला, चालू केला, परत बंद केला. राउटर हॉलमधून बेडरूममध्ये नेला, तिथून परत हॉलमध्ये. मग चप्पल घालून खाली गेला, सोसायटीचा जनरेटर बघायला. मीटिंगमध्ये लाइट गेली तर म्हणे! मी खिडकीतून ऐकत होते. "डीजी ऑटो पे है ना?" त्याने वॉचमनला विचारलं. "हां साब, सब ऑटो पे है," वॉचमन म्हणाला. तरी हा तिथून हलेना. त्याला किल्ली आणायला लावली, दार उघडायला लावलं, स्वतःच्या डोळ्यांनी स्विच बघितला, आणि मगच वर आला.

"तो हो म्हणाला होता ना?" मी म्हटलं.

"हो म्हणणं वेगळं आणि असणं वेगळं," तो म्हणाला, आणि राउटरची वायर उगाच काढून परत लावू लागला. ते वाक्य त्याचं त्यालाच लागलं होतं.

कौस्तुभ प्रवासी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. शेजारच्या गुजराती भाभींना वाटतं, क्रूझवर म्हणजे तो रोज पोहतो आणि आइस्क्रीम खातो. मी आता समजावणं सोडून दिलंय. लग्नानंतर त्याने मला मात्र सगळं समजावलं होतं, आणि तेही इडलीचं भांडं पुढ्यात घेऊन. सगळ्यात खालच्या ताटलीत जहाजाचे मोठे जनरेटर. एसी, स्वयंपाकघरं, लिफ्ट, नाचगाणी, सगळं त्यांच्यावर चालतं. पण तळालाच आग लागली किंवा पाणी शिरलं तर? म्हणून सगळ्यात वरच्या ताटलीत, इंजिनरूमपासून लांब, आणखी एक जनरेटर असतो. इमर्जन्सीचा. त्याची डिझेलची टाकी वेगळी, त्याचा स्विचबोर्ड वेगळा, त्याची खोली वेगळी. खालचं कुणीही मेलं तरी त्याला सुतक नाही.

"आणि खालचे बंद पडले की कोण धावत जाऊन तो चालू करतं?" मी विचारलं होतं.

"कुणीच नाही. तीच तर गंमत आहे. वीज गेली की त्या क्षणी बॅटऱ्या भार उचलतात. जिन्यातले दिवे, भोंगे, स्पीकर. पण बॅटऱ्या अर्ध्या तासाच्या सोबती. तेवढ्यात, पाऊण मिनिटाच्या आत, वरचा जनरेटर आपला आपण सुरू व्हायला हवा. मग सुकाणू, आगीचे पंप, वायरलेस, पाणी अडवणारे दरवाजे, वाटेतले दिवे, एवढं तो दीड दिवस ओढतो. एसी नाही, कॅसिनो नाही. जगायला लागतं तेवढंच."

तेव्हा मला तो फार हुशार वाटला होता. आजही वाटतो, पण त्या दिवशी सकाळी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला आपण घरात सुरी-कात्रीला हळदकुंकू लावतो, रिक्षावाले रिक्षाला हार घालतात. जहाजावरची आपली माणसंही मशीनची पूजा करतात. चीफ इंजिनिअर इटालियन, पण त्यालाही आता सवय झालीय, प्रसादाचा शिरा मागून घेतो. त्या दिवशी इमर्जन्सी जनरेटरची पूजा परेशने केली. परेश म्हणजे कौस्तुभच्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन, उत्तन बाजूच्या डोंगरीचा. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. हार घालताना जनरेटर अचानक सुरू झाला तर पंख्यात हात जायचा, म्हणून त्याने स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवला. हे बरोबरच होतं. पूजा झाल्यावर तो परत ऑटोवर फिरवायचा राहिला. हे चुकलं.

त्याच संध्याकाळी, लोक जेवायला बसलेले असताना, खराब डिझेलने खालचे जनरेटर एकामागून एक बंद पडले. बॅटरीचे दिवे लागले. पाऊण मिनिट गेलं, वरचा जनरेटर गपगार. आजूबाजूला बेटं, वारा जहाजाला खडकांकडे ढकलतोय, आणि सुकाणूला वीज नाही. परेश मजल्यामागून मजले धावत वर गेला, हाताने जनरेटर सुरू केला, आणि जहाज वाचलं. पण जिन्यातल्या चेंगराचेंगरीत एक म्हातारी बाई पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. कौस्तुभला आणि परेशला पुढच्या बंदरावरून घरी पाठवलं गेलं. आता चौकशी. आधी कौस्तुभची, मग तासाभराने परेशची.

एवढं मला माहीत होतं. उरलेलं त्याने मला त्या सकाळी सांगितलं, मी नारळ खवत असताना, माझ्याकडे पाठ करून.

"स्विच ऑटोवर नसला की कंट्रोल रूममध्ये पिवळा दिवा लागतो. बझर वाजतो. त्या दिवशीही वाजला. थर्ड इंजिनिअर म्हणाला, हे काय? मी म्हटलं, काही नाही, पूजा चाललीय. आणि मी बझर बंद केला."

"मग?"

"मग दिवा तसाच राहिला. जो येईल तो विचारायचा, आणि सगळे म्हणायचे, पूजेचा दिवा आहे. दुपारपर्यंत कुणी बघेनासंच झालं. आणि खालच्या एका डेकवर दांडियाची साउंड सिस्टीम बंद पडली म्हणून परेशला पूजेतून मीच खाली बोलावलं. आरतीही पुरी होऊ दिली नाही. नंतर वॉकीटॉकीवर विचारलं, सगळं ऑटोला आहे ना? तो त्या स्पीकरच्या गोंगाटात हो साहेब म्हणाला. वर जाऊन बघायला हवं होतं मी."

उंटावरून शेळ्या हाकल्यास, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याची पाठ बघून मी ते गिळलं.

"हे कुणाला माहीत आहे?"

"बझर बंद केल्याची वेळ नोंदलेली असते. कुणी केला ते नसतं. थर्ड इंजिनिअर दुसऱ्या जहाजावर गेला. परेश तर वरच होता, त्याला दिव्याचं काहीच माहीत नाही."

आणि मी, जी सोसायटीच्या मीटिंगमध्ये खोटं बोलणाऱ्याला उभं आडवं घेते, ती मी म्हणाले, "मग आपणहून सांगू नकोस. विचारलं तर बघ."

त्याने मान हलवली. त्याला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मला खरं सांगायचं तर तेव्हा जराही लाज वाटली नाही, नुसती भीती वाटत होती. आमच्या लेकीची, इशिताची, बारावी, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला दुसरी कंपनी कुठून मिळणार?

बाराला तो इस्त्रीचा शर्ट घालून बेडरूममध्ये गेला आणि दार लावलं. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागले. कुकर लावला, बंद केला. आतून त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात जिजाबाई. परेशची आई. हातात झाकलेली टोपली, कपाळावर घाम. परेश पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हापासून ही मावशी मला सुकट आणि सोडे पाठवते, पण घरी अशी न सांगता कधी आली नव्हती.

"आत येऊ का गो? सायेब कुटं हायेत?"

"आत आहेत, मीटिंग चालू आहे. बसा मावशी. उन्हातून कशाला आलात?"

"परेशनी भायेर काढलं मला. त्याची पन हाय ना तासाभरानी. बोल्ला, आये, तू घरात बडबड करशील. मंग म्हटलं सायेबांकडंच जाते. डोंगरीवरनं बस केली, मंग रिक्षा. पापलेटा आनल्यात ताजी."

मला वाटलं, ही पोरासाठी रडायला आली. माझ्या पोरावर घालू नका म्हणणार. मी मनात उत्तरंसुद्धा तयार केली, आणि ती सगळी कडक होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पण जिजाबाई रडली नाही. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "सायेबांना सांग, घाबरू नका. परेश समदं आपल्यावर घेनार हाय. सायेबांनी मला खाली बोलावलं, हे बोलनारच न्हाय. मी त्याच्याकडनं शब्द घेतलाय."

"का पण, मावशी?"

"अगो, का म्हंजी? सायेब तांडेल ना त्याचा!"

तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा मुख्य. तो सांगेल तिथे जाळं टाकायचं, तो सांगेल तेव्हा परतायचं. जिजाबाईचा नवरा जानू तांडेलच होता.

"जालं फाटलं, इंजिन बिघडलं, होडी वालूत बसली, काय पन होवदे," ती मला लहान पोरीला सांगावं तसं सांगू लागली. "धक्क्यावर आलो का तांडेलावर शब्द येवू द्यायचा न्हाय. खलाशी बोलतो, माज्याकडनं जालं. मालक चार शिव्या देतो, घरी बसवतो. तांडेल गप ऱ्हातो. पन पुढच्या सीजनला तांडेल होडीत पयला कुनाला बोलावतो? त्यालाच. ते त्याच्यावर देनं असतं. आमच्या ह्यांनी असं कितींना परत बोलावलं. आता सायेब वाचले का परेशला काय भ्याव न्हाय. पुढच्या फेरीला घेतील ना त्याला?"

सुंठीवाचून खोकला गेला, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. तो मी लपवत नाही. आमचं काम न मागता झालं होतं. खांद्यावरचं ओझं असं उतरलं की मी उठून मावशीसाठी चहा ठेवला, वर आलंसुद्धा किसून घातलं. चहा उकळू लागला तेव्हा कुठे तिचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं.

पुढच्या फेरीला.

जहाजावर असं काही नसतं. चौकशीत एकदा माणसाच्या नावावर चूक लागली की ती कंपनी त्याला घेत नाही, आणि दुसरी कंपनी पहिल्या कंपनीला विचारल्याशिवाय घेत नाही. कौस्तुभ कोण त्याला बोलावणारा? परेश हे जाणत असेलच, की आईला दिलेल्या शब्दापुढे त्याने ते बाजूला ठेवलं असेल? कुणास ठाऊक. पण ही बाई होडीचा न्याय घेऊन माझ्या सोफ्यावर निश्चिंत बसली होती, आणि मी तिला चहा देत होते.

बेडरूमचं दार उघडलं. कौस्तुभ बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला.

"काय झालं?" मी स्वयंपाकघराच्या दारातच गाठून विचारलं.

"स्विच कुणी फिरवला विचारलं. परेशने, म्हटलं. मग बझर कुणी बंद केला विचारलं." तो थांबला. "म्हटलं, आठवत नाही. बरेच लोक होते तिथे."

"कौस्तुभ!"

"तूच म्हणालीस ना!"

मी 'विचारलं तर बघ' म्हणाले होते. पण ते वाक्य आता कुठल्या तोंडाने काढणार? बघ म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही सकाळीच कळलं होतं.

जिजाबाईने त्याला बघितलं आणि उभी राहिली. तिने परत सगळं सांगितलं, तांडेल, खलाशी, शब्द. मी कौस्तुभच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तो दचकला. मग त्याचे खांदे सैल झाले. गेले कित्येक दिवस हा माणूस दोन घास खाऊन ताटावरून उठत होता. आता तो डायनिंग टेबलाशी बसला आणि म्हणाला, "रसिका, वाढतेस का? भूक लागलीय."

मी वाढलं. वरण, भात, सोलकढी. तो खाऊ लागला. भराभर, अगदी आवाज करत. मला त्याचा राग आला असं म्हणणं फार सौम्य झालं. मला त्या ताटाचाही राग आला.

"सायेब," जिजाबाई समोर बसत म्हणाली, "मंग पुढच्या फेरीला घ्याल ना पोराला?"

त्याने मान वर केली नाही. "बघू, मावशी."

हे बघू मी ओळखते. लेक ट्रिपचे पैसे मागते तेव्हाचं बघू, माझ्या माहेरच्या लग्नाला येतोस का विचारलं तेव्हाचं बघू. जिजाबाईला वाटलं, तांडेल हो म्हणाला. तिने हात जोडले. हात जोडले तिने, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

"मावशी, हा घेऊ शकत नाही. याच्या हातात नाही ते. परेशने सगळं स्वतःवर घेतलं तर त्याला कुठलंच जहाज घेणार नाही. पुढच्या फेरीला नाही, कधीच नाही. हे तुमच्या होडीसारखं नसतं."

तिने आधी हसून बघितलं, मी थट्टा करतेय असं वाटून. मग कौस्तुभकडे वळली. "खरं काय, सायेब?"

कौस्तुभचा घास हातातच राहिला. जिजाबाईने टोपलीवरचं फडकं उगाच सारखं केलं, परत सारखं केलं.

"मी पोराला शपथ घातली गो," ती म्हणाली. "माजी शपथ घातली."

मी फोन उचलला आणि परेशला लावला. मला ठाऊक होतं मी काय करतेय. ज्या नोकरीवर आमचं घर उभं आहे तिच्याच मुळावर मी घाव घालत होते, आणि तरी थांबावंसं वाटत नव्हतं.

"वहिनी?" परेशचा आवाज. "माझी मीटिंग सुरू होईल आता. आई पोचली का?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि कौस्तुभच्या ताटाशेजारी ठेवला. "बोल," मी त्याला म्हटलं. "बघू म्हणालास ना, ते त्यालाच सांग."

तो फोनकडे बघत बसला. मला वाटलं, आता हा लाल बटण दाबणार. दाबलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पलीकडे परेश हॅलो हॅलो करत होता.

"परेश," कौस्तुभ शेवटी म्हणाला. "पूजेतून तुला खाली मी बोलावलं. ते सांग त्यांना."

"साहेब, ते असू दे. आईने..."

"ऐक. कंट्रोल रूममध्ये दिवा लागला होता. ऑटोवर नसल्याचा. बझर मी बंद केला. तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

मग परेश हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, साहेब? त्या संध्याकाळी जिने चढताना मी सारखा म्हणत होतो, माझ्या एकट्यामुळे एवढी माणसं मरणार."

कौस्तुभने डोळे मिटले. "माहीत होतं."

"मी रोज तेच म्हणतोय, साहेब. अजून."

जिजाबाई पुढे सरकली आणि फोनवर वाकून ओरडली, जणू डोंगरीपर्यंत आवाज तिलाच पोचवायचा होता. "परेश! जालं तसं बोल रे! माजी शपथ मोडली, काढून घेतली! तुजं तेवढं तुजं बोल, दुसऱ्याचं घेव नको!"

"बरं, आये," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

कौस्तुभ उठला. बेसिनवर हात धुतला, जरा जास्तच वेळ धुतला, आणि बेडरूममध्ये जाऊन लॅपटॉप उघडून बसला. दार या वेळी उघडंच होतं.

मला वाटलं, जिजाबाई मला जवळ घेईल. कुठलं काय! तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही चोरलंय. पोरगा सुटत होता, हे तिला कळत होतं, डोळ्यांत पाणीही होतं. पण तांडेलावर शब्द आला होता, आणि तो त्याच्या घरच्या बाईने आणला होता. तिच्या सगळ्या आयुष्यात असं झालं नसावं.

"नवऱ्यावर आनलंस गो पोरी," ती म्हणाली.

"आणलं, मावशी."

"आता तुमचं कसं होनार?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. मी खुर्चीत बसले. मग तीच उठली, ओट्याशी गेली, विळी शोधली आणि काही न विचारता पापलेटं साफ करायला घेतली.

आतून टाइप करण्याचा आवाज येत होता. थोडा वेळ येई, मग थांबे, मग पुसल्याचे टकटक आवाज. बऱ्याच वेळाने कौस्तुभने हाक मारली.

"रसिका, मघाशी मी खोटं बोललो, हे जरा बऱ्या शब्दांत कसं लिहू?"

"आहे तसंच लिही," मी म्हटलं आणि मावशीसाठी ताट घ्यायला उठले.